विडी सोडताना घ्यायचे निकोटीन : औषध, मात्रा आणि सोबत

अभ्यासपाठ
वाचन : गणना ११:४-६, १ तीमथ्य ५:२३, लूक १०:३०-३५



मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शहरातील एका मंडळीकडून आमच्या केंद्रावर एक मोठे खोके आले. वह्या, चादरी आणि मुलांचे कपडे यांच्याबरोबर त्यात निकोटीन गमची बरीच पाकिटे होती. वर चिठ्ठी होती : पाड्यांवर विडीचे प्रमाण फार आहे असे तुमच्या पत्रिकेत वाचले, म्हणून ही लहानशी भेट. आम्हाला फार आनंद झाला. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर आम्ही ती पाकिटे वाटून टाकली. सांगितले एवढेच, की विडीची तलफ आली की एक तोंडात टाका.

दोन आठवड्यांत काय झाले ते झाकून न ठेवता सांगतो. साठी ओलांडलेल्या एका बाबांनी तो गम फुटाण्यासारखा भराभर चावला आणि रस गिळला. त्यांना उचक्या लागल्या, छातीत जळजळ झाली, मळमळले. पाकीट खुंटीवरच्या बंडीत तसेच टाकून ते म्हणाले, "यापेक्षा माझी विडी बरी." त्याच बंडीतून त्यांच्या चार वर्षांच्या नातीने एक पांढरी, पुदिन्याच्या वासाची वडी काढली आणि गोळी समजून चघळली. थोड्याच वेळात तिला उलट्या सुरू झाल्या, अंगाला घाम सुटला, ती मलूल पडली. भर पावसात मोटारसायकलवरून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. रात्रभर तिच्यावर लक्ष ठेवावे लागले. सकाळी ती उठून बसली आणि भाकरी मागू लागली. परमेश्वराने राखले.

बाबा मात्र पुढचे चार रविवार उपासनेला आले नाहीत. त्यांना आपलीच लाज वाटत होती. खरे तर लाज आम्हाला वाटायला हवी होती. खोके पाठवणाऱ्यांची भावना चांगली होती आणि गम हे औषधही चांगले आहे. आम्ही मात्र ते औषध प्रसादासारखे वाटले. हा पाठ त्या चुकीतून निघाला आहे. यावेळी आपण तीन गोष्टींचा विचार करू : हे औषध काय करते, त्याचे धोके कोणते, आणि मदत करणाऱ्याचे काम कोठे संपते.

१. मिसरच्या कांद्यांची आठवण

गणनाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोक रानात रडताना दिसतात. गुलामगिरी सुटली आहे, समुद्र मागे पडला आहे, तरी त्यांना मिसरातली मासळी, काकड्या, कांदे आणि लसूण आठवतात. पायातली बेडी एका रात्रीत तुटली, पण जिभेवरची चव तुटायला वेळ लागत होता. ज्याने वीस-तीस वर्षे विडी ओढली आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

विडीच्या धुरातले निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि तिथे क्षणभर बरे वाटायला लावते. मेंदूला त्याची सवय लागते. मग ते मिळाले नाही की चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे, भूक वाढणे, मन न लागणे, उदासी अशी लक्षणे सुरू होतात. ती साधारण पहिल्या दिवसातच जाणवू लागतात, पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, आणि दोन ते चार आठवड्यांत त्यांचा जोर ओसरतो. या काळात पुष्कळ जण माघारी फिरतात. त्यांच्या विश्वासात खोट होती असे त्यावरून ठरवू नये. शरीर जुनी चव मागत असते.

हाच काळ पार करून देण्यासाठी निकोटीन बाहेरून, धुराशिवाय आणि मोजून देण्याची पद्धत निघाली. तिचा उगम स्वीडनमध्ये आहे. पाणबुडीतील लोकांना आत धूम्रपान करता येत नसे, तेव्हा ते तोंडात ठेवायच्या तंबाखूकडे वळत, हे १९६० च्या दशकात तेथील संशोधकांच्या लक्षात आले. त्यातून निकोटीन गमची कल्पना पुढे आली. अमेरिकेत गमला १९८४ मध्ये मान्यता मिळाली. पुढे अंगाला चिकटवायची पट्टी, म्हणजे पॅच, आणि चोखायची गोळी आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या उपचाराचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आणि भारताच्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत तो २०२२ मध्ये आला.

२. मारतो तो धूर

धोके पाहण्याआधी तराजू नीट धरू. एका पारड्यात गम आहे, दुसऱ्यात विडी. तंबाखूच्या धुरात सुमारे ७,००० रसायने असतात आणि त्यातली निदान ७० कर्करोगाला कारण होतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. विडीला फिल्टर नसतो. तेंदूचे पान नीट पेट घेत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी ओढणारा वारंवार आणि जोराने झुरके घेतो. "विडी पानाची असते, सिगारेटपेक्षा बरी" हा समज त्यामुळे खोटा आहे. विडीतून डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाहीत, उलट जास्तच मिळतात. धूम्रपानाने क्षयरोग होण्याचा आणि त्याने मरण्याचा धोकाही वाढतो. ज्या भागात क्षयाचे रुग्ण घरोघरी आहेत तिथे ही गोष्ट फार मोठी आहे.

गममध्ये धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. त्यात निकोटीन आहे आणि ते व्यसन लावणारे द्रव्य आहे, हे खरे. पण गममधून ते हळूहळू, अर्ध्या तासात चढते, पट्टीतून तर काही तासांत. विडीसारखा झटका नसल्यामुळे त्याची ओढही कमी लागते.

उपयोग किती होतो? २०१८ मध्ये १३० हून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ६४,००० हून अधिक लोकांची माहिती होती. हे औषध घेतल्याने धूम्रपान सोडण्यात यश मिळण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. औषधाशिवाय शंभरातले दहा सुटत असतील तर औषधाने पंधरा-सोळा सुटतील. म्हणजे फायदा खरा आहे, पण उरलेल्यांना पुन्हा हात द्यावाच लागतो.

३. नेहमी होणारे त्रास, आणि ते का होतात

बाबांना झालेला त्रास हा या औषधाचा सर्वांत ओळखीचा त्रास आहे : उचक्या, छातीत जळजळ, मळमळ, घसा खवखवणे, जबडा दुखणे, तोंडात चुरचुर. याचे कारण साधे आहे. गममधले निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवे. भराभर चावून रस गिळला की ते पोटात जाते. तिथे ते जळजळ करते, आणि त्यातले बरेचसे यकृतात मोडून जाते. म्हणजे त्रास पूर्ण आणि उपयोग अर्धवट.

म्हणून गम घेण्याची रीत अशी आहे. सावकाश चावावे. झिणझिण्या किंवा तिखटसर चव जाणवली की चावणे थांबवून गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा. मिनिटभराने चव गेली की पुन्हा थोडे चावावे, पुन्हा जागा बदलून ठेवावा. असा एक गम साधारण अर्धा तास चालतो. गम घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना काही खाऊपिऊ नये. आंबट पदार्थ आणि कॉफी, थंड पेये तर मुळीच नकोत, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटीन शोषले जात नाही. ताक, चिंचेचे पाणी, लिंबूपाणी यांनाही हेच लागू आहे. हे आम्ही त्या रविवारी कोणालाच सांगितले नव्हते.

पट्टीचे त्रास वेगळे. जिथे लावली तिथे खाज सुटते, लाली येते. म्हणून रोज जागा बदलावी, आणि ती कोरड्या, स्वच्छ, केस नसलेल्या कातडीवर लावावी. काहींना रात्री झोप लागत नाही किंवा विचित्र स्वप्ने पडतात. अशांनी डॉक्टरांना विचारून झोपताना पट्टी काढावी. ताप असेल किंवा अंग फार तापले असेल तर पट्टीतून निकोटीन जास्त वेगाने शिरते. भर उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाच्या घामाने तर पट्टी सुटूनही जाते. असे काम करणाऱ्याला कोणता प्रकार द्यायचा हे त्याचे काम पाहून ठरवावे लागते.

मात्रा जास्त झाली की डोके गरगरणे, थंड घाम, उलटी, लाळ सुटणे, छातीत धडधड, हातापायांत अशक्तपणा अशी चिन्हे दिसतात. असे झाले तर गम थुंकून टाकावा, पट्टी काढावी, ती जागा साध्या पाण्याने धुवावी, साबण लावू नये, आणि दवाखाना गाठावा. पण दुसरी बाजूही आहे. चिडचिड आणि बेचैनी ही बहुतेक वेळा औषधाची नसून विडी सुटल्याची असतात. तेव्हा औषध थांबवले तर माणूस उलट्या दिशेने जातो. हा फरक ओळखायला शिकलेला माणूस शेजारी हवा.

आणखी एक बारीक गोष्ट. धुरातली काही द्रव्ये यकृताला काही औषधे लवकर मोडायला लावतात. विडी थांबली की तीच औषधे रक्तात जास्त साठू लागतात. दम्यासाठी दिले जाणारे थिओफायलिन आणि मानसिक आजारावरची काही औषधे यांत येतात. मळमळ, धडधड सुरू झाली की दोष गमला दिला जातो, पण खरे कारण जुन्या गोळीची मात्रा असते. म्हणून विडी सोडणाऱ्याने आपल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. मधुमेह असणाऱ्याने साखर तपासत राहावी.

४. कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीतले दुखणे वाढत चाललेला किंवा हृदयाचे ठोके गंभीररीत्या अनियमित असलेला रुग्ण, गरोदर किंवा अंगावर पाजणारी माता, १८ वर्षांखालील मुले, पोटात व्रण असलेला, मिरगीचा रुग्ण, यकृत किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेला. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनीही आधी विचारावे. गरोदर मातेच्या बाबतीत निकोटीन बाळापर्यंत पोहोचते, म्हणून आधी औषधाशिवाय, सल्ल्याच्या आधाराने सोडण्याचा प्रयत्न केला जातो. तिला विडी ओढत राहू देणे हा मात्र पर्याय नव्हे.

ज्यांचे दात पडले आहेत किंवा कवळी आहे त्यांना गम जमत नाही. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांत असे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी चोखायची गोळी किंवा पट्टी असते. तोंडात न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर गमआधी तोंड तपासून घ्यावे. तिथे प्रश्न फक्त व्यसनाचा नसू शकतो.

हृदयाविषयी एक जुनी भीती अजून ऐकू येते : पट्टी लावून विडी ओढली तर माणूस जागीच जातो. पट्टी नवीन असताना ही भीती अमेरिकेत पसरली होती. १९९६ मध्ये तेथे हृदयविकार असलेल्या ५८४ रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. पट्टी लावलेल्यांमध्ये गंभीर घटना वाढलेल्या दिसल्या नाहीत. धडधड होऊ शकते, क्वचित छातीत दुखू शकते, आणि दुखले तर लगेच दाखवायलाच हवे. पण कोणी पट्टी असताना एक विडी ओढली म्हणून त्याने घाबरून पट्टी फेकू नये. विडी फेकावी.

५. मुलांचा हात जिथे पोहोचत नाही तिथे

सर्वांत मोठा धोका ज्याने औषध घेतले त्याला नसून त्याच्या घरातल्या लहानग्यांना आहे. मोठ्या माणसाला जी मात्रा सवयीची आहे तीच चार वर्षांच्या मुलाला आजारी पाडते. गमला गोड चव आणि पुदिन्याचा वास असतो, दिसायला तो दुकानातल्या गोळीसारखा. वापरलेल्या पट्टीतही बरेच निकोटीन उरलेले असते. एका खोलीच्या घरात कुलूपबंद कपाट नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आता आम्ही औषध झाकणाच्या डब्यात देतो आणि तो आढ्याला टांगायला सांगतो. चघळून झालेला गम कागदात गुंडाळून टाकायचा. पट्टी काढली की चिकट बाजू आत दुमडून टाकायची. मुलाने चुकून खाल्लेच तर तोंडातला तुकडा काढावा, मुद्दाम उलटी करवू नये, आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्यावे. पाकीट बरोबर न्यावे, म्हणजे किती मात्रा होती ते डॉक्टरांना कळेल.

ज्याला तंबाखूचे व्यसनच नाही त्याने गंमत म्हणून गम चघळू नये. आणि "सोडायला मदत होते" म्हणून कोणी ई-सिगारेट आणून दिली तर घेऊ नये. भारतात २०१९ पासून तिची विक्री आणि साठवणूक कायद्याने बंद आहे.

६. "एक व्यसन सोडून दुसरे?"

हा प्रश्न आमच्या एका घरसभेत वडीलधाऱ्यांनीच विचारला, आणि तो प्रामाणिक होता. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे पौल करिंथकरांना लिहितो. मग त्या मंदिरात निकोटीन मुद्दाम का आणायचे?

त्याच पौलाचे तीमथ्याला लिहिलेले पत्र पाहा. तीमथ्य वरचेवर आजारी पडतो. पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असे पौल त्याला सुचवतो. या वचनाचा आधार घेऊन दारूचे समर्थन करणारे आपण पाहिले आहेत. ते त्यातला "थोडा" हा शब्द सोडून देतात आणि "पोटासाठी" हेही विसरतात. पौल औषध सांगतो आहे : कारण ठरलेले, मात्रा ठरलेली. निकोटीन गमलाही हाच नियम लावावा.

कारण ठरलेले आहे : विडी सुटावी. मात्राही ठरलेली आहे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली विडी लागते त्याला बहुधा ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, इतरांना २ मिलिग्रॅमचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ पेक्षा जास्त कधीच नाही. असा साधारण १२ आठवड्यांचा क्रम आहे. पट्टीही मोठ्या मात्रेपासून लहान मात्रेकडे उतरत जाते. औषध उतरत जाते आणि थांबते. काही जणांना गमचीच सवय लागते आणि ते महिनोन्‌महिने घेत राहतात. हा धोका खरा आहे. अशा वेळी रागावू नये, डॉक्टरांच्या मदतीने हळूहळू कमी करावे. विडीकडे परत जाण्यापेक्षा तो गम पुष्कळ बरा, पण मुक्कामाचे ठिकाण तो नव्हे.

याउलट चूकही होते, आणि तीच जास्त होते. लोक भीतीपोटी दिवसाला दोन-तीनच गम घेतात, आठवड्याभरात सोडून देतात आणि "काही उपयोग नाही" म्हणतात. अपुरी मात्रा हेही अपयशाचे मोठे कारण आहे.

७. शोमरोनी माणूस परत येतो

लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, एवढे आपल्याला पाठ असते. पण पुढे पाहा. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले, आणि परत येईन तेव्हा उरलेले फेडीन असे सांगून गेला. तेलाची बाटली जखमी माणसाच्या हातात देऊन तो निघून गेला असता तर ती गोष्ट आज कोणी सांगितली नसती.

आमचे खोके त्या बाटलीसारखे झाले होते. गम पोहोचला, पण जनावर नव्हते, उतारशाळा नव्हती, परत येणे नव्हते. धूम्रपान सोडण्याच्या सर्व अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते की औषध आणि सल्ला यांची जोडी एकट्या औषधापेक्षा सरस ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचाराविषयी पहिली मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यातही हीच जोडी आहे. तिथे तंबाखू चघळणाऱ्यांसाठीही औषध सुचवले आहे. आपल्यासाठी हे महत्त्वाचे, कारण २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. कानावर विडी अडकवलेले बाबा आपल्याला दिसतात. मशेरी लावणारी त्यांची सून दिसत नाही. तिचाही विचार करावा.

मग आम्ही काय बदलले? आता गम आम्ही वाटत नाही. ज्याला सोडायचे आहे त्याला आधी आरोग्य केंद्रात नेतो, त्याच्या आजारांची व गोळ्यांची माहिती देतो आणि डॉक्टरांनी सांगितले तरच औषध घेतो. दर आठवड्याला मंडळीतला एक जण त्याच्या घरी जातो. हा सोबती शक्यतो स्वतः विडी सोडलेला असतो. तो उपदेश करीत नाही. किती गम घेतले, किती विड्या झाल्या, कोणत्या वेळी तलफ जास्त आली, डबा कुठे टांगला आहे, एवढे विचारतो आणि प्रार्थना करून येतो. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा विनामूल्य क्रमांक सोबत्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो.

आणि ते बाबा? पाचव्या रविवारी आमचे सुवार्तिक त्यांच्या घरी गेले आणि अंगणात बसून त्यांनी आधी क्षमा मागितली. गमविषयी बोलणे नंतर निघाले. बाबांना दात कमी, म्हणून डॉक्टरांनी पट्टी सुचवली. पहिल्यांदा तीन आठवडे टिकले, मग घरच्या लग्नात पुन्हा विडी ओढली. दुसऱ्यांदा सुरू केले आहे. हे लिहीत असताना त्यांना विडीशिवाय सव्वादोन महिने झाले आहेत. पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. पण ते आता उपासनेला येतात, पुढच्या रांगेत बसतात, आणि त्यांची नात त्यांच्या मांडीवर असते.

देणगीदार बंधुभगिनींना नम्र विनंती आहे. औषधे विकत घेऊन पाठवू नका. पट्टी किंवा गमचा तीन महिन्यांचा पूर्ण क्रम विडीच्या बंडलापेक्षा कितीतरी महाग पडतो, आणि तो एकाच माणसाला पुरा करायला लागतो. दहा जणांना एकेक पाकीट देण्यापेक्षा एका माणसाचा क्रम, त्याची दवाखान्याची ये-जा आणि सोबत्याचा प्रवासखर्च उचलणे अधिक उपयोगाचे आहे. शोमरोन्याच्या दोन दिनारांचा अर्थ आम्ही असा घेतो.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. गणना ११ मधील लोक सुटका झाल्यावरही मागे का पाहत होते? आपल्या मंडळीत व्यसन सोडून पुन्हा घसरलेल्या माणसाशी आपण कसे बोलतो?

२. औषध आणि व्यसन यांतला फरक १ तीमथ्य ५:२३ च्या आधारे आपल्या शब्दांत सांगा.

३. आपल्या घरात औषधे कुठे ठेवली आहेत? लहान मुलाचा हात तिथे पोहोचतो का? आज घरी गेल्यावर पाहा.

४. आपण दिलेल्या एखाद्या मदतीचे पुढे काय झाले हे आपण कधी विचारले आहे का?

प्रार्थनेचे विषय

विडी आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्या पाड्यांवरील बंधुभगिनींसाठी, विशेषतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांना धीर मिळावा म्हणून. त्यांच्या घरच्या मुलांच्या रक्षणासाठी. आरोग्य केंद्रातील डॉक्टर, परिचारिका आणि आशा ताईंसाठी. दर आठवड्याला डोंगर चढून जाणाऱ्या सोबत्यांसाठी. आणि आपल्यासाठी, की आपले देणे फक्त हातातून सुटू नये, तर त्याच्या मागोमाग आपली पावलेही जावीत. आमेन.